‘माय’ची ‘माळ’

बर्‍याच दिवसांनी लिहायला बसलोय. मध्यंतरी दोन-तीन नातेवाइकांचे फोन येऊन गेले, "तब्येत बरी आहे ना?" तब्येत उत्तम आहे. गेले अडीच महिने एका सीडीच्या मागे लागलो होतो, म्हणून इकडे फिरकलो नाही. त्या सीडीचीच ही गोष्ट. मध्ये थोडं कॉम्प्युटरचं शास्त्र येईल, पण कंटाळू नका. मराठी घेऊन बीए झालेल्या माणसाला कळलं, तर तुम्हालाही कळेल.

आमच्या हिला ओव्या गोळा करायचा नाद होता. घरच्यांना हे माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगतो. १९८८ पासून पुढची पंधरा वर्षं ती जिथे जाईल तिथे वही घेऊन जायची. लग्नाला, बारशाला, अगदी दहाव्यालासुद्धा. कधी पी.जे.नं पहूर-शेंदुर्णीला (आमच्या पाचोरा-जामनेर छोट्या रेल्वेला सगळे पी.जे.च म्हणत), कधी एसटीनं नेरीला, फत्तेपूरला. म्हातार्‍या बायका जात्यावरचं म्हणायच्या आणि ही उतरवून घ्यायची. प्रत्येक ओवीखाली बाईचं गाव, अंदाजे वय आणि माहेर कुठलं तेही लिहायची. माहेर कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाली, "बाई बोलते माहेरचं, सासरचं नाही." अशा सहा वह्या झाल्या, दोनशेपानी.

२००४ साली मी ठरवलं की याचं पुस्तक करायचं. गावात तेव्हा डीटीपीची दुकानं निघाली होती. लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रकं, दशक्रियेच्या पत्रिका असं सगळं काम तिथे चालायचं. एका दुकानात वह्या दिल्या. टाइप करणारा मुलगा माझाच विद्यार्थी. महिनाभरात पहिलं प्रूफ आलं, मी तपासून दिलं, दुसरं प्रूफ आलं. आणि मग पुस्तक राहिलंच. मुलीचं लग्न निघालं, घराचं बांधकाम काढलं. एकदा-दोनदा मी विषय काढला तर ही म्हणाली, "राहू द्या आता." मला वाटलं, खर्चाकडे बघून म्हणतेय.

वह्या गावाकडच्या घरात पत्र्याच्या पेटीत ठेवल्या होत्या. २०११ मध्ये पेटी उघडली तेव्हा तिला खालून गंजून भोक पडलेलं होतं आणि आत वाळवी होती. वह्यांचे पुठ्ठे तेवढे शिल्लक होते. ही काही बोलली नाही. मीच समजूत घातली, "सीडी आहे ना आपल्याकडे." २०१७ मध्ये ती गेली. सीडी कपाटात तशीच होती.

या वर्षी पावसाळ्याच्या आधी कपाट आवरताना ती हाताला लागली. नव्या लॅपटॉपला सीडीची खाचच नसते. पुण्याहून नातवानं (मुलीचा मुलगा, कॉम्प्युटरमध्येच आहे) बाहेरून जोडायचा ड्राइव्ह पाठवला. सीडी घातली, बराच वेळ घरघरली, आणि सात फायली दिसल्या. एक ते सहा, आणि दुसर्‍या फाईलची एक जुनी कॉपी. माझे हात थरथरत होते हे कबूल करतो. पहिली फाईल उघडली, तर आत मराठीचं एक अक्षर नाही! इंग्रजी अक्षरं, डॉलरच्या खुणा, डोक्यावर टोपी घातलेला ए, उलटं प्रश्नचिन्ह. पानंच्या पानं नुसती तीच खिचडी.

नातवाला व्हिडिओ कॉल लावला. तो म्हणाला, "आबा, फाईल खराब नाहीये. तुमच्याकडे तो फॉन्ट नाहीये."

"मग तो फॉन्ट आण."

"दुकान आहे का अजून?"

दुकान बंद होऊन पंधरा वर्षं झाली. शिवाय त्या दुकानातलं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरच्या पाठीमागे एक कुलूपवजा डबी खोचल्याशिवाय चालत नसे, हे मला आठवत होतं. त्याला डोंगल म्हणत. डबी गेली, मुलगा सुरतेला गेला, फॉन्ट गेला. जालावर जुन्या फॉन्टचं नव्यात रूपांतर करणारी साधनं आहेत आणि प्रसिद्ध फॉन्टची कामं ती चोख करतात. आमचा फॉन्ट त्यांच्या यादीत नव्हता. कुणीतरी तो आपल्या सोयीनं फिरवून घेतलेला असावा.

आता इथे शास्त्र सुरू होतं. नातवानं मला जे चार संध्याकाळी समजावलं ते मी माझ्या पद्धतीनं सांगतो.

कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, त्याला फक्त आकडा कळतो. तोही एकच प्रकारे, वजनं पारड्यात टाकल्यासारखा. किराणा दुकानदाराकडे आठ वजनं आहेत अशी कल्पना करा: १, २, ४, ८, १६, ३२, ६४ आणि १२८. प्रत्येक वजन एकेकच. एवढ्यावर तो शून्यापासून २५५ पर्यंत काहीही तोलू शकतो. १७९ हवे असतील तर १२८, ३२, १६, २ आणि १ पारड्यात, बाकीची बाहेर. एक वजन म्हणजे एक बिट, पारड्यात असेल तर १, बाहेर असेल तर ०. आठ वजनांचा संच म्हणजे एक बाइट. एमएस-सीआयटीच्या वर्गात मी हे घोकलं होतं, "आठ बिट म्हणजे एक बाइट", आणि परीक्षेत लिहूनही आलो होतो. पण वजनं डोळ्यांसमोर आली ती आता, वयाच्या पंचाहत्तरीला.

म्हणजे एका बाइटमध्ये २५६ वेगवेगळ्या गोष्टी मावतात. मग अक्षर कुठून आलं? ते येतं करारातून. तुमच्या-माझ्या वयाच्या लोकांना शुभेच्छांच्या तारा आठवत असतील. तार ऑफिसात ठरावीक वाक्यांची यादी असायची, प्रत्येक वाक्याला नंबर. जळगावहून तारमास्तर वाक्य पाठवत नसे, नुसता नंबर पाठवायचा. इकडच्या ऑफिसात तीच यादी टांगलेली, तीत बघून वाक्य लिहायचे आणि पोस्टमन आणून द्यायचा. तारेतून लग्नाच्या शुभेच्छा कधी आल्याच नाहीत, आला तो आकडा. शुभेच्छा दोन्हीकडच्या यादीत होत्या. एका ऑफिसनं यादी बदलली आणि दुसर्‍याला कळवलं नाही तर काय होईल? दिवाळीच्या शुभेच्छा पाठवाव्यात आणि तिकडे मुलगा झाल्याचं अभिनंदन पोचावं! (२०१३ च्या जुलैत तार बंदच झाली, म्हणून आता भीती नाही.)

माझ्या सीडीचं नेमकं हेच झालं होतं. आकडे जसेच्या तसे आले होते, पण यादी गेली होती. माझ्या लॅपटॉपनं त्याच्याजवळची यादी लावली, ती इंग्रजीची. त्याचा काय दोष?

इंग्रजीची यादी १९६३ मध्ये अमेरिकेत ठरली. आस्की म्हणतात तिला. तीत मोठ्या ‘ए’चा नंबर ६५. एकूण १२८ जागांत इंग्रजांचं सगळं आटोपतं: मोठी लिपी, छोटी लिपी, आकडे, विरामचिन्हं. बाइटमध्ये २५६ जागा, म्हणजे उरल्या १२८. आणि आपली बाराखडी? चौतीस-पस्तीस व्यंजनं, प्रत्येकाला बारा रूपं, वर जोडाक्षरं. क्त, ष्ट, स्त्र, ज्ञ, त्र… छापखान्यात खिळ्यांच्या पेट्या भिंतभर लागायच्या ते काय उगाच? मग फॉन्ट बनवणार्‍यांनी मराठी टाइपरायटरची युक्ती केली. अक्षराचे तुकडे पाडले. अर्धा ‘य’ एक तुकडा आणि पुढचा उभा दंड दुसरा, दोन्ही मिळून ‘य’. वेलांटी वेगळी, रफार वेगळा. हे तुकडे त्यांनी इंग्रजी अक्षरांच्या आणि उरलेल्या जागांवर बसवले. म्हणजे कॉम्प्युटरला वाटायचं आपण इंग्रजी लिहितोय, आणि पडद्यावर चित्र उमटायचं मराठी. सोंगच ते. आणि प्रत्येक कंपनीचं सोंग वेगळं, कारण कुणी कुणाशी करार केला नव्हता.

म्हणजे करार करायला कुणी धडपडत नव्हतं असं नाही. आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्या कॉम्प्युटरवर आणायचं काम सुरू झालं, ते पुढे पुण्याला सी-डॅकमध्ये आलं. सी-डॅक १९८८ ची, परम महासंगणकामुळे आपल्याला माहीत असलेली. पण माझ्यासारख्याला परमपेक्षा हे दुसरं काम मोठं वाटतं. त्यातून इस्की नावाचा करार झाला, आणि १९९१ मध्ये तो भारतीय मानक म्हणून मान्य झाला. त्याच वर्षी जगातल्या सगळ्या लिप्यांसाठी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि त्यात देवनागरीची मांडणी इस्कीच्याच आधीच्या आराखड्यावरून घेतली. देवनागरीला २३०४ ते २४३१ अशा सलग १२८ जागा मिळाल्या. त्यात ‘क’ म्हणजे २३२५, जामनेरात असो की जपानात. जोडाक्षरांना वेगळ्या जागा नाहीत. क, पायमोडका आणि ष असे तीन आकडे एकामागे एक आले की ‘क्ष’ दाखवायचा, हे ठरलेलं. पुढे विंडोज २००० बरोबर घरोघरच्या कॉम्प्युटरवर मंगल फॉन्ट आला, तो आपल्या र. कृ. जोशींनी रेखलेला. सुलेखनकार आणि कवी म्हणून ज्यांना आपण ओळखतो तेच. पण छपाईची सॉफ्टवेअर त्या कराराला जुमानत नव्हती, त्यामुळे २००४ साली तालुक्याच्या डीटीपीवाल्याला युनिकोडचं नावही ऐकून माहीत नसणार. त्याला काय, पत्रिका छापून निघाली की काम संपलं.

तर यादी हरवलेली होती, ती नव्यानं बनवायची होती. त्यासाठी एखादं तरी पान असं हवं होतं, की ज्यात आकडेही माहीत आणि अक्षरंही माहीत. फायलीत आकडे होते. अक्षरं कुठून आणायची? आठ दिवस घर पालथं घातलं. शेवटी विम्याच्या कागदांच्या फायलीत पहिल्या प्रुफाचं एक पान सापडलं, पाठकोर्‍या बाजूला हप्त्यांचा हिशोब केलेला. पान पहिल्या वहीतलं होतं, अकरा ओव्या.

नातवानं पहिली फाईल आकड्यांत काढून पाठवली. माझ्या एका हाताला प्रूफ, दुसर्‍या हाताला आकड्यांचे कागद, समोर शंभरपानी वही. पहिल्या ओळीतलं पहिलं अक्षर, पहिला आकडा. सरळ काम वाटलं होतं, तसं नव्हतं. र्‍हस्व वेलांटी दिसते अक्षराच्या आधी, म्हणून जुन्या फॉन्टमध्ये तिचा आकडाही आधी. युनिकोडमध्ये मात्र उच्चाराप्रमाणे अक्षर आधी, वेलांटी मागून. रफार याच्या उलट. आणि ‘वार्‍यावर’, ‘दर्‍या’मधला जो आपला खास मराठी र, त्यानं तर दोन दिवस खाल्ले. हिंदीवाल्यांना तो लागत नाही, म्हणून अनेक यादींमध्ये त्याची आबाळ. ‘आचार्यांना’ बोलावलं आणि ‘आचार्‍यांना’ बोलावलं यातला फरक लग्नघरात विचारा.

दहा-बारा दिवसांत बरंचसं जुळलं. फक्त एका अक्षरानं छळायला सुरुवात केली, ते म्हणजे ‘य’. कुठे ‘य’ला दोन आकडे यायचे, अर्धा ‘य’ आणि दंड, ते बरोबर. आणि कुठे एकच आकडा, तिसराच. पुन्हा पुन्हा तपासलं. नातवाला विचारलं.

"असं होऊच शकत नाही, आबा. एका चिन्हाला एकच कोड. तुम्ही ओळ चुकताय."

"मी पस्तीस वर्षं पेपर तपासलेत. ओळ चुकत नाही."

"मग कॉम्प्युटर चुकतोय म्हणता?"

तेही शक्य नव्हतं. रात्री झोप येईना. उठून दिवा लावला आणि प्रूफ पुन्हा बघितलं. इतके दिवस मी छापील ओळ बघत होतो, त्यावरची लाल शाई बघतच नव्हतो. शाई माझीच होती.

आमच्या तावडी बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो आणि ‘ण’चा ‘न’. डोळा म्हणजे डोया, केळी म्हणजे केयी, काळी माती म्हणजे कायी माती. माझी आईही असंच बोलायची. पण मी मराठीचा मास्तर. जळगावला कॉलेजात पहिल्याच वर्षी माझ्या ‘पानी’वरून वर्ग हसला होता. त्यानंतर मी स्वतःचा ‘न’ आणि ‘य’ घासून घासून काढला आणि पुढे जन्मभर पोरांचाही काढत राहिलो. हिनं ओव्या ऐकल्या तशा उतरवल्या होत्या. टाइप करणार्‍या मुलानंही वहीत होतं तसं केलं होतं. आणि पहिलं प्रूफ आल्यावर मी जिथे जिथे ‘य’ दिसला तिथे लाल शाईनं ‘ळ’ केला होता. पुस्तक शुद्ध नको का?

फायलीतला तो तिसरा आकडा ‘ळ’चा होता. प्रूफ आधीचं, फाईल नंतरची. माझी दुरुस्ती मुलानं इमानानं फायलीत केली होती.

त्या पानावर आणखी एक गोष्ट होती. माझ्या लाल खुणांच्या बाजूला पेन्सिलीनं बारीक अक्षरात, चार ठिकाणी, लिहिलेलं होतं, "असंच राहू द्या." अक्षर हिचं. पेन्सिल पुसट झालीय, पण वाचता येतं. म्हणजे माझ्यानंतर ते पान तिच्या हाती गेलं होतं. मुलानं सरांची लाल शाई पाळली, पेन्सिल नाही. त्याला तरी काय म्हणणार, तो माझ्याच वर्गात शिकलेला.

"राहू द्या आता" हे ती नंतर म्हणाली होती, दुसरं प्रूफ बघून. खर्चाचं नव्हतं ते.

युनिकोडमध्ये ‘य’चा आकडा २३५१, ‘ळ’चा २३५५. फरक फक्त चारचा.

यादी पुरी झाल्यावर नातवानं छोटासा प्रोग्राम लिहिला आणि सगळ्या फायली एका मिनिटात मराठीत आल्या. (सहावी सोडून. सीडीची कड उडालीय, ती वाचलीच जात नाही.) मग वाचायला बसलो. पहिली फाईल, माझी शुद्ध मराठी. ओव्या कशा, निबंधासारख्या! लय गेलेली, कारण ‘डोयामधी’ जितक्या मात्रांत बसतं तितक्यात ‘डोळ्यांमध्ये’ बसत नाही. तिसरी फाईल उघडली आणि मला कळेचना. माहेरी माळ वाट बघते. माळेच्या हातची भाकर. आजारी पडलेली माळ. पान पलटावं तिथे माळच माळ.

उलगडायला अर्धा तास गेला. कुठल्यातरी ओवीत ‘गयात माय’ असं असणार, म्हणजे गळ्यात माळ. तिथे मी ‘माय’चा ‘माळ’ केला असणार. मुलगा हुशार. एकेक जागी दुरुस्ती करत बसण्यापेक्षा त्यानं फाइंड-रिप्लेस केलं असणार: जिथे ‘माय’ असेल तिथे ‘माळ’ कर. कॉम्प्युटरला काय, आकडा दिसला की बदलला. ओव्यांत सगळ्यात जास्त वेळा येणारा शब्द कोणता ते तुम्हाला सांगायला नको. तीन फायलींतल्या सगळ्या आयांच्या त्यानं एका बटनात माळा करून टाकल्या. आणि दुसरं प्रूफ मी वरवर बघून "ठीक आहे" म्हणालो होतो. हिनं ते नीट वाचलं असणार.

हे एक मात्र पुरतं उलटवता आलं. कारण मूळ बोलीत गळ्यातलीही ‘माय’ आणि घरातलीही ‘माय’च. ऐकणार्‍याला कळतं कुठली कोणती. सगळ्या ‘माळ’ परत ‘माय’ केल्या की झालं. नातू म्हणाला, "आबा, हे रिव्हर्सिबल आहे." पण मग मी हावरटासारखं विचारलं, तसाच बाकीचा ‘ळ’ही परत ‘य’ करून टाकू? तो म्हणाला, "सगळ्या बायका ‘य’च म्हणायच्या का?"

नाही म्हणायच्या. काही अजिंठ्याच्या घाटापलीकडून मराठवाड्यातून आलेल्या होत्या. त्यांच्या तोंडी ‘ळ’ होता. म्हणून तर ही माहेर लिहून घ्यायची! आता फायलीत दोन्ही ‘ळ’ एकाच आकड्यात बसलेत. आधीपासूनचा कुठला आणि माझा कुठला, हे त्या आकड्यातून परत काढता येत नाही. दोन ओढे एकत्र झाल्यावर वेगळे करता येत नाहीत, तसं. बाईच्या माहेरावरून अंदाज बांधता येईल, पण तो माझा अंदाज, म्हणजे पुन्हा लाल शाईच.

शाबूत राहिली ती एकच, दुसर्‍या फाईलची जुनी कॉपी. मुलानं दुरुस्त्या करण्याआधी सावधगिरी म्हणून काढून ठेवली असावी. त्यात हिचं सगळं जसंच्या तसं आहे. डोया, पानी, इहीर. एकशे बारा ओव्या. मोजल्या मी.

कधीकधी गंमत वाटते. मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये आपल्या लोकांनी स्वतः घडवलेला संगणक चालू झाला होता, टीफ्रॅक. नाव पंडित नेहरूंनी दिलेलं, १९६२ मध्ये. २७०० व्हॉल्व्ह होते त्यात, आणि स्मरणात ४० बिटांचे २०४८ शब्द मावत. हिशोब केला तर १०,२४० बाइट होतात. आज युनिकोडमध्ये मराठीचं एक चिन्ह साधारणतः तीन बाइट घेतं. म्हणजे खोलीभर यंत्राच्या डोक्यात हिची तीन-चार पानं राहिली असती. माझ्या या सीडीच्याही आधीची जी छोटी फ्लॉपी असायची, तिच्यात तशी १४४ यंत्रं मावली असती. जागेचा प्रश्न सुटलाय कधीच.

आणि टिकण्याचं म्हणाल तर चाळीसगावजवळ पाटण्याला जाऊन या. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, त्यानं आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याचा शिलालेख तिथे आहे, शके ११२८ चा, म्हणजे इसवी सन १२०६-०७. सगळं गणितशास्त्राच्या शिक्षणासाठीचं दान. लेख संस्कृतात आहे, पण शेवटी मराठी आहे, त्या काळच्या लोकांच्या तोंडचं. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला. आम्ही दोघं शाळेच्या सहलीबरोबर पाटणादेवीला गेलो होतो तेव्हा ही मला म्हणाली होती, "बघा, त्याला कुणी शुद्धलेखन शिकवलं नाही म्हणून किती बरं झालं." मी तेव्हा हसलो होतो.

असो. गेल्या आठवड्यात नेरीकडच्या एका वस्तीवर जाऊन आलो. कॉपीतल्या फायलीत जिचं नाव आहे त्यांतली एक आजी अजून आहे, नव्वदीला टेकलेली. मोबाईल रेकॉर्डिंगला लावून समोर बसलो. आधी काही आठवेना तिला. मग मी फायलीतली तिचीच ओवी वाचून दाखवली, ‘य’ म्हणत. पन्नासएक वर्षांनी तो ‘य’ तोंडातून काढताना जीभ अडखळली. आजी हसली. म्हणाली, मास्तर, तुम्ही तर आमच्या पोराला यावरून छड्या दिल्या होत्या. मग तिनं डोळे मिटले आणि म्हणायला लागली. सात ओव्या मिळाल्या. तीन नव्या आहेत, फायलीत नाहीत. कदाचित सहाव्या वहीतल्या असतील.

आता हे वाचणार्‍या घरच्या मंडळींना विनंती. हिनं तुमच्यापैकी कुणाच्या आईकडून, सासूकडून, आत्याकडून ओव्या घेतल्या होत्या हे मला साधारण आठवतं. त्या बायका असतील तर मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करून पाठवा. नसतील आणि तुम्हाला येत असेल तर तुमच्याच आवाजात पाठवा. टाइप करून पाठवणार असाल तर युनिकोडमध्येच करा, आणि ऐकलं तसं लिहा. माहेर कुठलं तेही लिहा. दुरुस्त करू नका, आणि मला तपासायला तर मुळीच पाठवू नका. सरळ नातवाकडे जाऊ द्या, त्याचा पत्ता तुमच्याकडे आहे. त्याला सांगून ठेवलंय की आबांना फाईल वाचायला द्यायची, लिहायला नाही.